चांद्याकडेच कां?

अष्टीच्या माळावर ता. २० फेब्रुवारी १८१८ रोजीं बापू गोखले पडले, सातारकर छत्रपति प्रतापसिंह इंग्रजांच्या हातीं लागले, आणि शालेय पुस्तकांपुरता पेशवाईचा इतिहास तेथेंच संपला. परंतु दुसऱ्या बाजीरावाची फौज तेथें संपली नव्हती. पळून निघालेला पेशवा प्रथम उत्तरेकडे गेला, तेथून पूर्वेस वळला, आणि निजामाच्या मुलुखांतून दौडत एप्रिलच्या आरंभीं वर्धा नदीच्या आसपास येऊन ठेपला. त्याचें लक्ष्य होतें चांदा. म्हणजे आजचें चंद्रपूर. अष्टीपासून हें ठिकाण सरळ रेषेनें मोजलें तरी अडीचशें मैलांहून दूर. ज्या पेशव्याच्या घराण्यानें या नगरांत कधीं राज्य केलें नाहीं, त्यानें आपल्या अखेरच्या डावासाठीं तेंच कां निवडावें? आणि ज्या इंग्रजांनीं शिवणीच्या रानांत त्याची फौज उधळून लावली, त्यांनीं ती उधळल्यानंतर, पेशवा तेथें येणें अशक्य झालें असतांही, त्याच नगरावर तोफा कां डागाव्या? या दोन प्रश्नांचीं उत्तरें एक नाहींत, आणि त्यांची मौज त्यांतच आहे.

श्रोत्यांनीं क्षणभर नकाशा डोळ्यांपुढें आणावा. पश्चिमेस वर्धा, पूर्वेस वैनगंगा. दोघी दक्षिणेस एकत्र येऊन प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. या नद्यांच्या बेचक्यांत इरई व झरपट यांच्या कांठीं चांदा वसलेलें. वैनगंगेच्या पलीकडे, आज जो गडचिरोली जिल्हा म्हणून ओळखला जातो आणि जो १९८२ सालीं चंद्रपुरापासून वेगळा झाला, तो सारा प्रदेश तेव्हां चांद्याचीच रानवट बाजू होती. त्या रानांतून बस्तरकडे व छत्तीसगडाकडे वाटा जात. पण त्या बैलांच्या व पायदळाच्या वाटा होत्या, तोफांच्या नव्हत्या. वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाचा होता, कारण देवगांवच्या १८०३ च्या तहानें भोसल्यांस वऱ्हाड सोडून वर्धेच्या अलीकडे यावें लागलें होतें. अर्थात् चांदा हें नागपूरच्या राज्याचें दक्षिणेकडील टोंक आणि निजामाच्या राज्याची शेजारीण, अशा दुहेरी नात्यानें उभें होतें.

आतां मनुष्यांकडे वळूं. मूळचें हें गोंड राजांचें नगर. सन १७५१ मध्यें पहिल्या रघूजी भोसल्यानें तें नीळकंठशहापासून घेतलें, आणि पुढें भोसल्यांच्या धाकट्या शाखेकडे तें वांटणीस आलें. दुसऱ्या रघूजीचा भाऊ व्यंकोजी हा चांदा व छत्तीसगड सांभाळीत असे. सन १८११ मध्यें काशीस तो वारला, आणि त्याचा हक्क मुलाकडे, म्हणजे मुधोजी उर्फ आप्पासाहेबाकडे, आला. नागपूरच्या गादीवर आप्पासाहेबाचा हक्क वादाचा असेल, चांद्यावर तो वडिलार्जित होता. फेब्रुवारी १८१७ मध्यें दुर्बळ परसोजी राजवाड्यांत मारला गेला, त्या वेळीं आप्पासाहेब नागपुरांत नव्हता. तो चांद्यास जाऊन राहिला होता. कृत्य कोणाच्या सांगण्यावरून झालें याविषयीं फारसा संशय कोणी घेत नाहीं. तथापि असल्या वेळीं ज्या गांवीं जाऊन बसावें असें मनुष्यास वाटतें, तें गांव त्याला सर्वांत सुरक्षित वाटत असलें पाहिजे, इतकें तरी यावरून निघतें.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत पेशव्यानें पाठविलेला सेनासाहेबसुभ्याचा पोशाख आप्पासाहेबानें दरबार भरवून स्वीकारला, आणि दोन दिवसांच्या आंत, ता. २६ व २७ रोजीं, सीताबर्डीची लढाई झाली. ती हरली. डिसेंबरांत जनरल डव्हटन जालन्याहून आला व नागपूर पडलें. ता. ६ जानेवारी १८१८ च्या करारानें आप्पासाहेब गादीवर राहिला खरा, परंतु हातपाय बांधून. येथून चांद्याच्या गोष्टीस खरा आरंभ होतो. उघडपणें तह पाळण्याचें नाटक करीत असतां त्यानें आंतून मंडला, चौरागड व चांदा येथील किल्लेदारांस किल्ले इंग्रजांच्या स्वाधीन करूं नयेत अशीं सूचना दिली, आणि पेशव्यास निरोप पाठविला कीं, आपण चांद्याकडे यावें. स्वतःही तेथें निसटून जाण्याचा त्याचा बेत होता. रेसिडेंट जेंकिन्स यास याचा सुगावा लागला, व ता. १५ मार्च रोजीं राजा आपल्याच राजधानींत कैद झाला.

पेशवा व भोसले यांच्या या जुटीनें चांदाच कां पसंत केलें, याचा विचार करतांना प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं तें त्यांचें पहिलें पसंतीचें ठिकाण नव्हतें. बाजीरावाची आशा शिंद्यांवर होती. परंतु ज्या ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीस लढाई जुंपली, त्याच दिवशीं ग्वाल्हेरीस दौलतराव शिंद्यानें इंग्रजांशीं तह करून आपले हात बांधून घेतले होते. होळकरांची फौज २१ डिसेंबरास महिदपुरास मोडली. नर्मदेकडील वाटांवर इंग्रज पलटणी बसल्या होत्या. पुण्याकडे परतावें तर जनरल स्मिथ पाठीवर, आणि एल्फिन्स्टननें साताऱ्याचा किल्ला घेऊन ता. ११ फेब्रुवारीस जाहीरनामा काढला होता कीं पेशव्याचें राज्य संपलें व छत्रपतींस कांहीं मुलूख देण्यांत येईल. साताऱ्याचा तो किल्ला लष्करी दृष्टीनें कांहीं विशेष मोलाचा नव्हता. परंतु त्याच्या माथ्यावर छत्रपतींचें निशाण एकदां लावलें म्हणजे पेशव्याच्या सरदारांचा धनी कोण, हाच प्रश्न उभा राहतो, हें एल्फिन्स्टननें नेमकें ओळखलें. अशा रीतीनें तिन्ही दिशा मिटल्यावर पूर्व उरली, आणि पूर्वेस तटबंदीचें, आपल्या बाजूचा किल्लेदार असलेलें मोठें नगर एकच होतें.

दुसरें कारण राजकीय होतें. नागपूरच्या फौजेचा जो भाग मोडला होता तो मेला नव्हता, विखुरला होता. गणपतराव सुभेदार कांहीं स्वारांनिशीं पेशव्याच्या लष्करांत आधींच येऊन मिळाला होता. पेशवा व सेनासाहेबसुभा हे दोघे एका तटाच्या आंत एकत्र दिसले असते, तर नागपूर प्रांतांतील विखुरलेले स्वार, घरीं जाऊन बसलेले मानकरी, पगार थकलेले अरब, हे सर्व पुन्हां जमण्यास एक खूण मिळाली असती. लढाईंत असल्या खुणेची किंमत मोठी असते. आणि तिसरें कारण रान. पाऊस पडेपर्यंत तग धरला तर चार महिने वर्धा व वैनगंगा याच खंदक होतील, काळ्या मातींत इंग्रजांच्या तोफांचीं चाकें रुततील, आणि तेवढ्या अवधींत शिंदे, होळकर किंवा हैदराबादेंतील असंतुष्ट यांपैकीं कोणीतरी उठेल, असा हिशेब असावा. हा हिशेब कागदावर मुळींच वेडगळ नाहीं.

परंतु त्यांत दोन उणिवा होत्या. पेशव्याचें उरलेलें बळ म्हणजे घोडा. घोड्यास रोज दाणावैरण लागते, आणि ती मोकळ्या ज्वारीच्या मुलुखांत मिळते. जंगल पांचपन्नास माणसांस महिनोन्महिने लपवील. सहस्रावधि घोड्यांस आठवडाभरही पोसणार नाहीं. एप्रिल-मेच्या उन्हांत तर गवताची काडीही उरत नाहीं. दुसरी उणीव अधिक खोल होती. रान कोणाचें? चांद्याच्या पूर्वेकडील जमीनदाऱ्या गोंड राजांपासून चालत आलेल्या. भोसल्यांनीं त्यांचाच राजा सदुसष्ट वर्षांपूर्वीं पदच्युत केला होता. पिंढाऱ्यांच्या धाडींनीं तो प्रांत हैराण झाला तेव्हां नागपूरचें सरकार त्याच्या रक्षणास पुरलें नव्हतें. अशा लोकांनीं भोसल्यासाठीं व त्याहून परक्या पेशव्यासाठीं आपलें रान युद्धांत कां ओढून घ्यावें? हा प्रश्न बाजीरावास पडल्याचें दिसत नाहीं. चाळीस वर्षांनीं, १८५८ मध्यें, मोलमपल्लीचा बाबूराव शेडमाके व अडपल्लीचा व्यंकटराव यांनीं त्याच रानांत इंग्रजांस कित्येक महिने दमविलें, तें थोड्या माणसांनिशीं व स्वतःच्या माणसांनिशीं. आणि तेथेंही शेवटीं अहेरीच्या जमीनदारीकडूनच बाबूराव पकडला जाऊन त्यास ता. २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्यास फांशी झाली. रानाचा आसरा नुसता झाडांचा नसतो, हें दोन्ही प्रसंगीं दिसून आलें.

इंग्रज व निजाम यांच्या बाजूनें पाहिलें तर चांद्याचें मोल त्यांना पेशव्याइतकेंच स्पष्ट कळलें होतें. जेंकिन्सनें राजास कैद केल्यावर लेफ्टनंट कर्नल स्कॉट याची तुकडी नागपुराहून त्या बाजूस रवाना झाली, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत वणीकडे पेशव्याच्या आघाडीच्या टोळीशीं तिची गांठ पडून ती टोळी मागें हटली. चांद्यापासून तीसेक मैलांच्या आंत पेशवाईचें निशाण आलें तें एवढेंच. कर्नल ॲडम्स उत्तरेकडून हिंगणघाटास उतरला. जनरल डव्हटन हैदराबादच्या तैनाती फौजेनिशीं जालन्याहून निघाला. दोघांच्या मध्यें पेशवा. डव्हटन पांढरकवड्याकडे येतो असें कळतांच बाजीराव त्याला चुकविण्यास म्हणून वळला, तो शिवणीजवळ ता. १७ एप्रिल रोजीं ॲडम्सच्या तोंडीं सांपडला. लढाई अशी झालीच नाहीं. घोड्यांवरील तोफांनीं मारा होतांच पेशव्याची फौज पांगली. जवळ असलेल्या पांच तोफा, हत्ती, उंट इंग्रजांनीं घेतले, आणि सैन्याचा मोठा भाग त्याला तेथेंच सोडून गेला. बाजीराव उमरखेडच्या बाजूनें पळाला.

म्हणजे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यांत चांद्यास यावयाचा पाहुणा येणार नव्हता हें निश्चित झालें, व यजमान तर कैदेंत होता. तरीही ॲडम्स ता. ९ मे रोजीं चांद्यापुढें येऊन उतरला. हें कां, याचें उत्तर कित्येक लेखक एका वाक्यांत देतात: बंडखोर किल्ला घेणें प्राप्तच होतें. तें पुरेसें नाहीं.

निजामाचा येथें काय संबंध, असेंही कोणी विचारील. ॲडम्सच्या छावणींत निजामाच्या खर्चानें पोसलेले व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालचे स्वार होते. हैदराबादच्या दरबारास नागपूरच्या गादीशीं कर्तव्य नव्हतें. पण पेशव्याची दौड त्याच्याच मुलुखांतून झाली होती, खेडीं त्याचीं लुटलीं गेलीं होतीं. वर्धेच्या पलीकडे एक बंडखोर किल्ला उभा राहिला, तर प्राणहिता-गोदावरीच्या उतारांवरून तेलंगणांत शिरण्याची वाट कायमची उघडी राहती. दोस्तांपैकीं प्रत्येकजण एकाच तटाकडे पाहत होता, परंतु प्रत्येकास त्यामागें निराळें कांहीं दिसत होतें.

इंग्रजांस दिसत होता पावसाळा. मे महिन्याची नववी तारीख म्हणजे मृगास चार आठवडे. आज चांदा सोडलें, तर दिवाळीपर्यंत तें हातीं येत नाहीं. आणि तोंवर तें प्रत्येक विखुरलेल्या स्वारास, प्रत्येक फरारी मानकऱ्यास बोलावीत राहील. आप्पासाहेबानें ज्या तीन किल्ल्यांस निरोप धाडले होते, त्यांपैकीं मंडला जनरल मार्शलनें ता. २६ एप्रिल रोजीं हल्ला करून घेतला, चौरागड मे महिन्यांत लढाईवांचून मोकळा झाला, चांदा उरलें. याखेरीज एक अडचण अशी होती कीं तिचा उच्चार त्या काळच्या इंग्रजी वृत्तांतांत फारसा होत नाहीं. नागपूरचें राज्य इंग्रजांचें दोस्त राज्य होतें. त्याच्याशीं युद्ध पुकारलेलें नव्हतें. राजा कैद केला होता, परंतु त्याच्या जागीं दुसरा बसविलेला नव्हता. तो धाकटा रघूजी ता. २६ जूनला बसला. मग मे महिन्यांत किल्लेदार गंगासिंग हा किल्ला कोणाच्या नांवें लढवीत होता, आणि इंग्रज तो कोणाच्या नांवें मागत होते? किल्लेदाराच्या बाजूनें उत्तर सोपें होतें: ज्यानें किल्ला दिला, तो धनी जिवंत आहे व त्याचा शेवटचा हुकूम किल्ला न देण्याचा आहे. इंग्रजांपाशीं असें सोपें उत्तर नव्हतें. गादी रिकामी असतां जो किल्ला धन्याचें नांव घेऊन उभा आहे, तो पडेपर्यंत नवा धनी बसवितां येत नाहीं. साताऱ्यास गादीसाठीं किल्ला घेतला, चांद्यासही त्याचसाठीं घेतला; फरक एवढाच कीं साताऱ्यास धनी बरोबर आणावयाचा होता आणि येथें एका धन्याचें नांव पुसावयाचें होतें.

आधुनिक युद्धांतही असेंच घडलें आहे. दुसऱ्या महायुद्धांत स्टॅलिन फ्रान्सवर उतरा म्हणून आग्रह धरीत असतां दोस्तांच्या फौजा नोव्हेंबर १९४२ मध्यें मोरोक्को व अल्जीरियांत उतरल्या. जानेवारी १९४३ मध्यें कॅसाब्लांकास जमून त्यांनीं पुढचा घाला सिसिलीवर ठरविला, त्याचें एक मोठें कारण फौज आधींच आफ्रिकेंत होती व तिला स्वस्थ बसवून ठेवणें परवडत नव्हतें, हें होतें. अमेरिकन सेनापतींस फ्रान्स हवा होता, चर्चिलची नजर भूमध्य समुद्रावर होती. सिसिलींत दोघांचीं कारणें तात्पुरतीं जुळलीं. ॲडम्सचीही फौज शिवणीनंतर मोकळी होती आणि चांदा जवळ होतें. दूर पळणाऱ्या बाजीरावाचा पाठलाग इतरांकडे गेला होता. हातच्या फौजेस जवळचें काम, हें तत्त्व सेनापति उघड बोलून दाखवीत नाहींत, पण पाळतात बहुतेक.

वेढ्याची हकीकत थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. चांद्याचा परकोट साडेपांच ते सहा मैलांच्या घेराचा. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा असे चार दरवाजे आणि पांच खिडक्या. हा तट कसा आंखला गेला याची एक कथा चांद्यांत पिढ्यानपिढ्या सांगतात: खांडक्या बल्लाळशहाच्या कुत्र्याचा एका सशानें उलट पाठलाग केला, आणि ज्या वाटेनें तीं दोघें धांवलीं त्या वाटेवर तट उठला. कथा खरी असो वा नसो, सशानें आंखलेल्या तटांत शिपायांची मोजदाद नसणार हें उघड आहे. गंगासिंगापाशीं दोन-तीन हजार माणसें होतीं, कांहीं अरब धरून. साध्या हिशेबानें पाहिलें तरी तटाच्या दर दहा ते पंधरा फुटांस एकच शिपाई येतो, आणि तोही रात्रंदिवस झोंपेवांचून उभा राहील तर. आंत रामाळा तलाव होता, मोकळी शेतें होतीं. पाण्याची अगर जागेची ददात नव्हती. ददात होती ती तटावरच्या माणसांची. म्हणून ॲडम्सनें सगळ्या नगरास वेढा घातलाच नाहीं, घालणें त्यालाही अशक्यच होतें. त्यानें तटाचा आग्नेय कोपरा निवडला.

शरण येण्याविषयींचा निरोप किल्लेदारानें मानला नाहीं. पहिला मोर्चा ता. १३ च्या सुमारास उभा राहिला. योगायोग असा कीं त्याच सुमारास, जबलपूरच्या वाटेवर रायचूर गांवीं, आप्पासाहेब शिपायाचे कपडे चढवून इंग्रजांच्या पहाऱ्यांतून निसटला. चांद्याच्या तटांत ही बातमी पोंचणें शक्य नव्हतें. धनी मोकळा झाला होता आणि त्याच्यासाठीं लढणाऱ्यांस तें ठाऊक नव्हतें. ता. १९ मे रोजीं पहांटे भिंत पाडण्याच्या तोफांनीं तोंड उघडलें, संध्याकाळपर्यंत खिंडार पडलें. इंग्रजांनीं रात्रीं हल्ला केला नाहीं. एवढ्या मोठ्या नगरांत अंधारांत फौज शिरली तर ती आवरणें कठीण. ता. २० च्या सकाळीं पलटणी खिंडारांतून आंत गेल्या. गंगासिंग लढतांना पडला. शिबंदीचीं शेंकडों माणसें मेलीं. हल्ला करणाऱ्यांचीं त्या मानानें फारच थोडीं.

व्हॅलेंटाइन ब्लॅकर या मद्रास फौजेंतील अधिकाऱ्यानें तीन वर्षांनीं या युद्धाचा मोठा ग्रंथ छापला; त्यांत तोफांची संख्या, मोर्चांचीं अंतरें, पलटणींचीं नांवें बारकाईनें दिलीं आहेत. किल्लेदारानें शेवटपर्यंत कां लढावें याचा ऊहापोह करण्याचें त्या ग्रंथाचें कामही नव्हतें. परंतु ज्या दोघांच्या मसलतींत चांद्याचें नांव निघालें, त्यांपैकीं एकही त्या तटाच्या आंत आला नाहीं, हें विसरून चालणार नाहीं. पेशव्यानें चांदा निवडलें, भोसल्यानें तें देऊं केलें, आणि त्या निवडीची किंमत जे चुकवीत होते त्यांना कोणीं विचारलें नव्हतें. गंगासिंगास तरी एक हुकूम होता. परकोटाच्या आंत राहणाऱ्या विणकरांस, कोष्ट्यांस, धिवरांस तोही नव्हता.

बाजीरावानें ता. ३ जून रोजीं माल्कमच्या स्वाधीन होऊन आठ लक्ष रुपयांचें वार्षिक वेतन पदरीं पाडून घेतलें व तो ब्रह्मावर्तास जाऊन राहिला. आप्पासाहेबास आसरा मिळाला तो महादेवाच्या डोंगरांत, तेथील गोंडांपाशीं. पुढें असीरगडाच्या बाजूनें तो उत्तरेस गेला व १८४० सालीं जोधपुरांत वारला. रानाचा आसरा घेण्याची त्याची कल्पना अशी खरी ठरली, पण चांद्याच्या रानांत नव्हे, आणि घोडदळ बरोबर नसतांना. चांदा नागपूरच्याच राज्यांत राहिलें; धाकट्या रघूजीच्या नांवें रेसिडेंटच्या देखरेखीखालीं इंग्रज अधिकारी १८३० पर्यंत त्याचा कारभार पाहत होते. वर्धेच्या पलीकडचा राजुऱ्याचा मुलूख मात्र निजामाकडेच राहिला, आणि हैदराबादचें संस्थान भारतांत विलीन झाल्यानंतर कांहीं वर्षांनीं, १९५९ मध्यें, तो चांदा जिल्ह्यास जोडण्यांत आला.